टोमॅटोची झाडं जोमात, पण फळं मोजकीच. कमी खर्चात उत्पन्न कसं वाढवावं?

तुमचा प्रश्न असा आहे की, उघड्यावर लावलेली टोमॅटोची रोपं छातीएवढी झाली, अजून वाढतच आहेत, हिरवीगार आहेत, पण फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फार पैसे न घालता काय करता येईल?

आधी हातातली खताची पिशवी खाली ठेवा. झाड हिरवंगार आणि फळ नाही, ही उपासमारीची लक्षणं नाहीत, अजीर्णाची आहेत. हे मी स्वतः केलंय. एका वर्षी वाफ्यात भरपूर शेणखत घातलं, वर दर आठवड्याला चिमूटभर युरिया. चिमूट कधी मूठ झाली ते मलाच कळलं नाही. येणारा-जाणारा थांबून झाडांचं कौतुक करायचा आणि मी टोमॅटो विकत आणायचो. नत्र, म्हणजे या खतांतला नायट्रोजन, जास्त झालं की झाडाला पानं काढण्यातच मजा येते, फुलांची घाई उरत नाही. लावताना दोन-तीन ओंजळी मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि पहिली फळं गोटीएवढी झाली की बुंध्यापासून थोडं लांब आणखी एक ओंजळ, एवढं साधारण बऱ्या मातीत पुरतं. चुलीची राख पालाश (पोटॅशियम) देते हे खरं, पण ती मातीचा आम्लपणा कमी करते आणि टोमॅटोला किंचित आम्ल मातीच मानवते. तेव्हा चमचाभर ठीक, टोपलीभर नको.

आता खरी गोष्ट, म्हणजे फुलं. झाडाखाली वाकून बघा. देठासकट गळालेली पिवळी फुलं दिसतायत का? दिसत असतील तर तुमचं उत्पन्न तिथे पडलंय. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, दुसऱ्या झाडाची गरज नाही. पण त्याचे परागकण पुंकेसरांच्या बंद नळीत असतात आणि ते मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे हलवल्याशिवाय नीट पडत नाहीत. हे काम वारा करतो, आणि फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवणारे भुंगे करतात. साध्या मधमाशीला ही कला येत नाही. भिंतीच्या आडोशाला झाड असेल, वारा नसेल, भुंगे फिरकत नसतील, तर ते काम तुम्ही करा. सकाळी दव सुकल्यावर, साधारण दहा ते दुपारपर्यंत, फुलांच्या घोसामागच्या दांडीला बोटाने हलक्या टिचक्या मारा. जुना विजेवरचा टूथब्रश असेल तर त्याची पाठ दांडीला दोन सेकंद टेकवा. हवा दमट असेल तर परागकण चिकटून बसतात, अशा दिवशी दोनदा करा. खर्च शून्य. माझ्या मते या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही फवारणीने पडत नाही.

मात्र टिचक्या मारून हवामान बदलत नाही. दिवसा पारा 35 अंशांच्या वर किंवा रात्री 13 च्या खाली गेला की परागकणच नीट काम करत नाहीत आणि फुलगळ होते. रात्री 24 च्या वर राहिल्या तरी तेच. अशा वेळी घाबरून खत-औषध घालू नका. दुपारच्या तीन-चार तासांसाठी जुनं पांढरं सुती कापड झाडांच्या वर ताणा आणि हवा पालटायची वाट बघा. सकाळचं ऊन मात्र अडवू नका. दिवसाला निदान सहा तास, जमल्यास आठ तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही. आधी जागा बदला.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक इथेच हमखास चुकतात. रोज वरवर शिंपडलेलं पाणी मुळांना आळशी करतं. ती वरच्या दोन बोटं मातीतच राहतात. दोन-तीन दिवसांनी, पण वीतभर खोल मुरेल असं द्या. बोट घालून बघा, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्यात सातत्य हवं. चार दिवस दुष्काळ आणि पाचव्या दिवशी पूर आला की फळं तडकतात, नाहीतर त्यांचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. या काळ्या बुडाला लोक रोग समजतात आणि अंड्याची टरफलं पुरतात. फळात कॅल्शियम कमी पडतं हे बरोबर, पण बहुतेक वेळा ते मातीत असतंच; पाणी अनियमित असल्यामुळे फळापर्यंत पोहोचत नाही. टरफलं कुजायला फार काळ लागतो, तोवर हंगाम संपतो. त्यापेक्षा वाळलेला पाला, गवत किंवा पेंढा चार बोटं जाडीचा थर करून पसरा, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका. ओल टिकते, तण दबतं आणि पावसाच्या थेंबांनी माती पानांवर उडत नाही. करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, बहुतेक त्या उडालेल्या मातीबरोबरच चढतो. खालची, जमिनीला टेकणारी पानं वीतभर उंचीपर्यंत काढून टाका, तीही याचसाठी. बिनझिलईचं मातीचं मडकं, तळाला भोक नसलेलं, दोन रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर ते मातीच्या गरजेनुसार झिरपत राहतं. गावाला जायचं असेल तेव्हा तर हा उपाय फारच उपयोगी.

बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, खुडायच्या की नाहीत, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. उत्तर वाणावर अवलंबून आहे. झुडपासारखं वाढून एका उंचीला थांबणारं वाण असेल तर हात लावू नका, त्याच फुटव्यांवर फळं येतात. खुडाल तर स्वतःच्या हाताने पीक कमी कराल. वेलीसारखं वाढतच जाणारं असेल तर पहिल्या घोसाखालच्या सगळ्या बगलफुटी काढा आणि एक-दोन मुख्य फांद्या ठेवून बांबू-सुतळीने वर चढवा. छातीएवढं झालंय आणि अजून थांबलं नाही म्हणता, म्हणजे तुमचं बहुधा हेच असावं. हंगाम संपायला पाच-सहा आठवडे उरले की शेंडाही खुडा. तिथून पुढे आलेलं फूल पिकेपर्यंत झाड टिकणार नाही, मग त्याच्यावर ताकद कशाला घालवायची?

फळ झाडावर लाल होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. बुडाशी गुलाबी झाक दिसली की तोडा आणि घरात सावलीत ठेवा, उन्हात नको. ते पिकतं, पक्षी-अळीपासून वाचतं आणि झाड पुढच्या घोसाकडे वळतं.

पुढच्या वेळी लावताना रोपाची खालची पानं काढून अर्धं खोड मातीत जाऊ द्या. गाडलेल्या खोडाला सगळीकडून मुळं फुटतात. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, आणि कुंडी असेल तर वीस लिटरपेक्षा लहान नको. वांगी, मिरची, बटाटा जिथे होते तिथे लगेच टोमॅटो नको, एकाच घराण्यातले असल्यामुळे रोगही एकमेकांना देतात.

आणि खुडलेल्या बगलफुटी फेकू नका. वीतभर लांब, निरोगी असतील त्या पाण्याच्या ग्लासात सावलीत ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं दिसतील. गेल्या हंगामात माझी निम्मी झाडं अशीच फुकटात आलेली होती.