सत्तेचाळीस ऐकलं, चौऱ्याहत्तर लिहिलं

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, घरीच शिकते. 'सत्तेचाळीस' म्हटलं की 74 लिहिते. रोज वीसदा लिहून घेते, तरी तेच. (एक आई, चिपळूण)

उत्तर : ती ऐकते बरोबर आणि ऐकलं त्याच क्रमाने लिहिते. मराठीत सात आधी बोलायचा आणि चार आधी लिहायचा, अडचण इथे आहे. वीसदा गिरवून चूक पक्की होते. लिखाण पंधरा दिवस थांबवा आणि गणितमाळ करा.

10 मिलिमीटरचे शंभर मणी घ्या, पन्नास लाल, पन्नास पांढरे. दहा लाल, दहा पांढरे असे ओवत जा. एकाआड एक रंग ओवलात तर दशक दिसणारच नाही. दोरी दीड मीटर घ्या. मणी एक मीटर भरतात, वीसेक सेंटिमीटर मोकळी राहू द्या, बाकीची गाठींना लागते. माळ गच्च झाली की मणी सरकत नाहीत आणि मूल पहिल्यापासून एकेक मोजत बसतं. नायलॉन गुळगुळीत असल्याने गाठ सुटते, सुती गोफ बरा. तिच्या छातीच्या उंचीवर दोन खिळ्यांना आडवी बांधा.

रोज दहा मिनिटं पुरे. चार दशकं आणि सात मणी सरकवायचे, तिथे कपड्यांचा चिमटा लावायचा. आधी 'चाळीस सात' म्हणायचं, लगेच 'सत्तेचाळीस'. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये अशी नावं आली तेव्हा वाद झाला होता. आमच्या मते पायरी म्हणून ती चांगली आहेत. मात्र जुनी नावं सोडू नका, बाजारात आणि आजीशी बोलताना तीच लागणार. एकोणपन्नाससाठी पन्नासाव्या मण्यापर्यंत जाऊन एक मागे यायचं. एकोण म्हणजे एक उणा, हे तिला हाताने कळेल. 89 पर्यंत हे चालतं, नव्व्याण्णव तेवढं वेगळं सांगावं लागतं.

मग लिखाणाकडे वळा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून 10 ते 90 ची नऊ कार्डं (10 × 5 सेंमी) आणि 1 ते 9 ची नऊ कार्डं (5 × 5 सेंमी) कापा. 40 च्या शून्यावर 7 ठेवला की 47 दिसतो. शून्य बरोबर उजव्या अर्ध्यात लिहा, नाहीतर झाकला जात नाही आणि मूल 407 लिहू लागतं.

प्रश्न : आमचा अभ्यास दीड तासात आटोपतो. शेजारची मुलं सहा तास शाळेत असतात. आम्ही कमी पडतोय का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर : नाही. वर्गात हजेरी, रांगा आणि इतरांचं होईपर्यंत थांबणं यातही वेळ जातो. तुमच्याकडे एकास एक शिकणं चालतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला वीस-वीस मिनिटांच्या चार बैठका भरपूर झाल्या. एका वहीत रोज तीन ओळी लिहा : काय केलं, कुठे अडलं, उद्या कुठून सुरुवात. महिन्याने मागची पानं उलटलीत की प्रगती दिसेल, आणि पाहुण्यांच्या प्रश्नांनी जीव धास्तावणार नाही.

प्रश्न : परीक्षेचं काय? (एक आई, सोलापूर)

उत्तर : महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी 10 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आठवी 13 नंतर. कधीच शाळेत नाव घातलं नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते मात्र आजच पाहून घ्या. दुरुस्तीला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत थांबत नाही.