'चालते' की 'चालले आहे'? : अणुऊर्जेवरच्या यानाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी, दूरच्या ग्रहांकडे धाडलेल्या व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ या अमेरिकेच्या जुळ्या अंतराळयानांविषयी, विचारले आहे की, "व्हॉयेजर यान अणुऊर्जेवर चालते" असे त्यांनी फळ्यावर लिहिताच सातवीतल्या एका मुलीने "मंग त्याच्या इंजिनातून धूर निघते का?" असा प्रश्न केला, तेव्हा या वाक्यातले 'चालते' बरोबर आहे काय?

मुलीची शंका अगदी रास्त आहे, आणि ती 'चालणे' या क्रियापदाच्या दोन अर्थांतून उपजली आहे. आपल्याकडे विहिरीवरचा पंप सुरू असला की 'मोटर चालून रायली' म्हणतात आणि बंडी वावराच्या वाटेला लागली तरी 'बंडी चालून रायली' असेच म्हणतात. मोटर जागची हलत नाही, बंडी मात्र पुढे जाते. एरवी यात घोटाळा होत नाही. पण कर्ता वाहन असून त्याच्यामागे 'डिझेलवर', 'बॅटरीवर' असे काही आले, की ऐकणारा दोन्ही अर्थ एकदमच घेतो. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. अरिहंत पाणबुडी अणुऊर्जेवर चालते, कारण तिच्यातील अणुभट्टीच्या उष्णतेने तयार झालेल्या वाफेचे बळच तिला पुढे ढकलते. ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत.

व्हॉयेजरला हे लागू पडत नाही. त्यावर अणुभट्टी नाहीच. प्लुटोनियम-२३८ आपोआप क्षय पावताना तापते आणि त्या उष्णतेपासून, कोणताही भाग न फिरता, तापमानातील फरकामुळे धातुसदृश पदार्थांच्या जोड्यांमध्ये वीज निर्माण होते. १९७७ साली उड्डाणाच्या वेळी ती सुमारे ४७० वॅट होती, म्हणजे एक अश्वशक्तीचा पंपही (७४६ वॅट) तिच्यावर चालला नसता; आता ती जवळपास निम्म्यावर आली आहे. नेपच्यूनपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या सुमारे नऊशेव्या हिश्शाइतकाच उरत असल्यामुळे सौरपट्ट्यांचा तेथे उपयोग नव्हता. या विजेवर रेडिओ, संगणक आणि मोजमापाची उपकरणे चालतात. यान तिच्यामुळे पुढे सरकत नाही.

मग ते जाते कशाने? अग्निबाणाने दिलेल्या वेगाने ते गुरूपर्यंत पोचले. पुढचा वेग गुरूने दिला. सूर्याभोवती धावणाऱ्या त्या प्रचंड ग्रहाजवळून जाताना त्याच्या गतीचा अत्यल्प अंश यानाला मिळतो, आणि ज्वारीच्या वावरात पाखरे हाकताना गोफणीतून सुटलेल्या गोट्यासारखे ते दूर फेकले जाते. (गोफणीची दोरी गोट्याला धरून ठेवते, येथे ते काम गुरूचे गुरुत्वाकर्षण करते, म्हणून 'गुरुत्व-गोफण' हा शब्द मला मनापासून आवडतो.) व्हॉयेजर-२ ला गुरू, शनी आणि युरेनस यांनी असेच वळवत नेले आणि १९८९ मध्ये ते नेपच्यूनपाशी पोचले. त्या पोकळीत अडवणारी हवा नाही. सूर्याची ओढही आता इतकी क्षीण झाली आहे की व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जातच आहे.

म्हणून गुरुजी, क्रियापद बदलू नका, कर्ता बदला: "व्हॉयेजरवरील उपकरणे प्लुटोनियमच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या विजेवर चालतात." यानासाठी 'चालणे' याच क्रियापदाचे दुसरे रूप मराठीत तयारच आहे: "यान मिळालेल्या वेगाने चालले आहे." त्या मुलीला हेही सांगावे की अँटेना पृथ्वीकडे वळलेली राहावी म्हणून यान हायड्राझिन नावाच्या इंधनाचे बारीक झोत अधूनमधून सोडते, त्यात धूर नसतो, नुसता तापलेला वायू असतो.