नगामागे बचत झाली, पण एकूण किती?

प्रश्न : आमच्या कारखान्याने पाच वर्षांत दर नगामागचे कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी केले. याच काळात उत्पादन दुप्पट झाले. ‘आम्ही पृथ्वीच्या मर्यादेत राहून काम करतो’ असे वार्षिक अहवालात लिहावे का?

उत्तर : लिहू नका. नगामागे ०.७ आणि नग दुप्पट, म्हणजे एकूण उत्सर्जन १.४ पट झाले, ४० टक्क्यांनी वाढले. हवेत साठतो तो एकूण वायू. नगामागची बचत जरूर सांगा, पण तिच्या शेजारी हा एकूण आकडाही छापा.

शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडल्या, म्हणजे हवामान, गोडे पाणी, जैवविविधता अशा बाबतींत पृथ्वी किती ताण सोसू शकेल याच्या सीमा. २०२३च्या मूल्यमापनात त्यांतल्या सहा ओलांडलेल्या आढळल्या. या मर्यादा साऱ्या पृथ्वीच्या आहेत. त्यात एका कारखान्याचा वाटा किती, हे विज्ञान ठरवून देत नाही. माणशी वाटणी केली तर एक उत्तर येते, आजवरच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात केली तर दुसरे. दुसऱ्या रीतीत ज्याने जास्त धूर सोडला त्यालाच जास्त वाटा मिळतो. आम्हाला ती अन्यायाची वाटते. तुम्ही कोणती रीत धरली, ते अहवालात उघड लिहा.

कार्बनपुरते सांगायचे तर तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याच्या लक्ष्यासाठी एकूण उत्सर्जनात वर्षाला किमान ४.२ टक्के घट धरण्याची पद्धत रूढ आहे. ही टक्केवारी पायाभूत वर्षावर, म्हणजे जिथून मोजणी सुरू केली त्या वर्षाच्या आकड्यावर मोजायची. त्या वर्षी १,००० टन असतील तर दरवर्षी ४२ टन कमी, दहाव्या वर्षी ५८०. पुष्कळ जण ती मागच्या वर्षाच्या आकड्यावर लावतात, मग दहाव्या वर्षी ६५१ टन उरतात आणि लक्ष्य गाठल्याचा समज होतो. याहून घातक चूक कामे बाहेर देताना होते. भट्टीचे काम पुरवठादाराकडे गेले की स्कोप १चा, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनाचा आकडा एकदम उतरतो, धूर मात्र तेवढाच निघतो. तो स्कोप ३मध्ये, म्हणजे पुरवठादार वगैरेंकडच्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात दिसलाच पाहिजे.

प्रश्न : पाण्यासाठीही असे एकच लक्ष्य धरता येईल का?

उत्तर : नाही. कार्बनचा टन कुठेही सोडला तरी परिणाम तोच. पाणी ज्या-त्या खोऱ्याचे असते. प्रत्येक ठिकाणचा उपसा आणि परत सोडलेले पाणी महिन्यागणिक मोजा, आणि तुलना सर्वांत कोरड्या महिन्याशी करा. वार्षिक सरासरीत तो महिना बुडून जातो. एका खोऱ्यात वाचवलेले पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या उपशातून वजा करू नका. तिथली नदी त्याने भरत नाही.