मानशीची दारं

चोडण,
श्रावण

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला, दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

जूनमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, जुलैत तुझी कंत्राटी नोकरी संपली, आणि वर्षभर जिचा अभ्यास केलास ती परीक्षा तू इस्पितळातल्या बाकावर बसलेली असताना होऊन गेली. एवढं सगळं लिहून शेवटी तू मलाच विचारलंस, ‘बाई, सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा. मला जमत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?’

नाही गं. बाबा अंथरुणाला खिळलेले असताना मुलीला रडू येतं, रात्री झोप लागत नाही, यात कमी असलेलं काहीच नाही. आधी हे ओझं उतरव. बाकीचं त्यानंतर.

चौथीत असताना तुमच्या वर्गाला मी खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांतली, मानस दाखवायला नेलं होतं, ते तुला आठवत असेल. तुझी चप्पल चिखलात रुतून राहिली होती. आपली खाजनं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. नदी आणि शेत यांच्यात फक्त मातीचा बांध, आणि त्या बांधात मानस. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच तिची लाकडी दारं मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तीच दारं ढकलून नदीत निघून जातं. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून आपले लोक या युक्तीवर भात पिकवत आले. दाराला मानस हे नाव कुणी दिलं असेल याचा विचार मी कितीदा केला आहे. मनालाही आपण तेच म्हणतो.

‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणारी माणसं तुझ्या भल्यासाठीच बोलतात, पण ती तुला दारं कायमची बंद ठेवायला सांगतात. मानस कायमची बंद राहिली तर नदीची गरजच नाही, पावसाचं साचलेलं पाणीच आतलं भात कुजवून टाकतं. तुझ्या रडण्याला वाट हवी. संध्याकाळी बाबांना औषध दिल्यावर अर्धा तास परसात जाऊन बस. काळजी कर, रड, वहीत लिही. रात्री दोन वाजता तोच विचार आला तर त्याला सांग, उद्या संध्याकाळी भेटू. पहिले काही दिवस तो ऐकणार नाही. नंतर ऐकायला लागतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमचे हे बार्जीवर कामाला होते. रात्रंदिवस मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी एकाएकी नांगर टाकून उभ्या राहिल्या. माझा पगार होता, उपाशी राहायची वेळ आली नाही. पण घरबांधणीचं कर्ज होतं, आणि दिवसभर खिडकीतून नदीकडे बघत बसलेला नवरा होता. शाळेत मी चार महिने ‘सगळं बरं आहे’ म्हणत राहिले. पाचव्या महिन्यात एक दिवस फळ्यावर तारीख लिहिताना माझा हात थांबला. कुठली तारीख, तेच आठवेना. मुलं माझ्याकडे बघत होती.

त्या दिवसांत सासऱ्यांनी मला बांधावर न्यायला सुरुवात केली. पहाटे, ओहोटीच्या वेळी. कुर्ल्या बांधात भोकं पाडतात. भोक बोटाएवढं असतं, पण भरतीचं पाणी त्यातून जा-ये करू लागलं की आठवड्यात तिथे भगदाड पडतं. सासरे म्हणायचे, भोक दिसलं की आजच बुजवायचं. आम्ही चिखलाचे गोळे करून भोकं बुजवायचो. मला जायची इच्छा नसायची, एकाही दिवशी नसायची. तरी जायचे, कारण म्हातारा माणूस कंदील घेऊन दारात उभा असायचा. दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी परतताना त्यांच्याशी गप्पा मारते आहे.

इच्छा आधी आणि काम मागून, असं आपण धरून चालतो. मन खचलेलं असताना ते उलट चालतं. आपल्या गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या सुमारे 500 रुग्णांवर याचा अभ्यास केला होता. तो 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांतल्या निम्म्या रुग्णांशी जाऊन बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला एवढंच करायला मदत करत: सुटून गेलेली, अर्थ असलेली कामं थोडी थोडी पुन्हा हाती घेणं आणि समोरच्या अडचणीला एकेक करून भिडणं. ज्यांना ही मदत मिळाली ते इतरांपेक्षा जास्त सुधारले. वाचलं तेव्हा मला सासऱ्यांचा कंदील आठवला.

तुझ्या बांधावरची भोकं तुझी तुलाच माहीत. मला लांबून दिसली ती सांगते. दुपारचं जेवण तू उभ्याउभ्या उरकतेस, किंवा चुकवतेस. मैत्रिणीचे तीन फोन तू उचलले नाहीस. आणि झोपताना तू परीक्षेत निवडल्या गेलेल्यांचे फोटो बघत पडतेस. हे तिसरं भोक आजच बुजव. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेव, बाबांच्या खोलीत गजराचं घड्याळ ठेव.

आणि यंदा मोठं काही पेरू नकोस. बांध फुटून खारं पाणी शिरलेल्या जमिनीत कुणी लगेच नेहमीचं भात लावत नाही. पावसाने मीठ धुतलं जायला वेळ लागतो, आणि तोवर काही लावायचंच तर खार सोसणारं कोरगुट भात लावतात. पुढची परीक्षा आहे, ती कुठे जात नाही. तू आत्ता रोज एक तास, फक्त एक तास, एकच विषय वाच. वीस पानं ठरवून दोन झाली की तू स्वतःला शिव्या देतेस, हे मी चौथीपासून बघत आले आहे.

साखवाळच्या धर्मानंद कोसंबींची गोष्ट मी तुम्हाला वर्गात सांगायचे. नारळाच्या बागेत मन न लागणारा, बुद्धाच्या ओढीने 1899 साली घर सोडून निघालेला, पुढे हार्वर्डपर्यंत पोचलेला माणूस. तेव्हा मी त्यांच्या निघून जाण्यावर भर द्यायचे. आता या वयात मला मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी बाळाबाई जास्त आठवतात, तान्ही मुलगी कडेवर घेतलेल्या. त्यांच्या त्या वर्षांबद्दल धडे निघत नाहीत. तू सध्या मागे राहून घर सांभाळणाऱ्यांपैकी आहेस. तुझं हे वर्ष वाया चाललंय असं तुला वाटतं तेव्हा बाबांची बोटं जूनमध्ये किती हलत होती आणि आता किती हलतात ते बघ. त्यांचा व्यायाम रोज कोण करून घेतं?

एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, कशातच जीव रमत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटल्याचा विचार एकदा जरी येऊन गेला, तर 14416 वर फोन कर. ती सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही कुणीतरी बोलतं. बांबोळीची मानसोपचार संस्थाही आहे, तिथे मी तुझ्याबरोबर येईन. बाबांना डॉक्टरकडे नेताना तुला लाज वाटली नाही. स्वतःला नेतानाही वाटायला नको. आणि त्याआधी मला फोन कर, वेळ बघू नकोस.

आता चवथीचं. तू लिहिलंस की यंदा गणपतीच्या वर रानातल्या फळापानांची माटोळी बांधायला हात वर जाणार नाहीत, कारण तिचं सगळं सामान बाबाच आणायचे. बांध गं. मोठी नको. एक नारळ, एक सुपारीचा घड, थोडी कांगलांची रानफळं, आंब्याचे टाळे, एवढी पुरे. बाबांची खाट ओढून देवाच्या खोलीच्या दारात आण. काय कुठे बांधायचं ते त्यांनी सांगायचं, तू बांधायचं. शब्द फुटायला वेळ लागला तर थांबायचं. ते डाव्या हाताने दाखवतील.

कांगलां आणायला मी येते तुझ्याबरोबर. रविवारी सकाळच्या फेरीबोटीने ये. ओहोटी असेल तर आधी मानशीकडे जाऊ. आणि निघण्यापूर्वी बाबांना विचारून ये, कांगलां त्यांना दरवर्षी कुठल्या वाटेवर मिळायची.

तुझी,
बाई