झोका कोणता ते नंतर, आधी खाली काय आहे ते सांगा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की झोक्याची पत्रं सुरू होतात. मी लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर आहे. झोके मी विकत नाही, बनवतही नाही. पण झोक्यावरून पडलेली कोपरं शेवटी माझ्याचकडे येतात, म्हणून बहुधा प्रश्नही येतात. दरवर्षी तेच गोंधळ, त्याच ऐकीव गोष्टी. यंदा निवडक पत्रांना एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : नातू आठ महिन्यांचा आहे. त्याला झोक्यात कधी बसवावं? (सातारा)

मान पक्की धरत असेल आणि आधाराशिवाय नीट बसत असेल, तर चारही बाजूंनी बंद आणि दोन्ही पायांमधून पट्टा असलेल्या सीटमध्ये, हलक्या हातानं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा मान धरायला उशीर झाला असेल तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. आजोबांच्या मांडीवर बसून मोठ्यांच्या झोपाळ्यावर उंच झोके घेणं म्हणजे बाळाला झोक्यात बसवणं नव्हे.

प्रश्न : रो-हाउसच्या मागे दहा बाय वीस फूट जागा आहे. दोन झोके आणि घसरगुंडी असा सेट घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, आरामात बसेल. (नाशिक)

सेट बसेल, हलणारा झोका बसणार नाही. दुकानदार सांगतो ती सांगाड्याच्या पायांची मापं. झोक्याला जागा लागते ती पुढे आणि मागे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची घरगुती खेळसाहित्यासाठी पुस्तिका आहे. तिच्यात हिशोब सोपा आहे : वरचा दांडा जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर पुढे मोकळं, तितकंच मागे. दांडा सात फुटांवर असेल तर पुढे चौदा, मागे चौदा, म्हणजे अठ्ठावीस फूट झाले. शिवाय सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट. या पट्ट्यात कंपाउंडची भिंत नको, तुळशीवृंदावन नको, पाण्याची मोटार नको आणि कपडे वाळत घालायची तार तर अजिबात नको.

तुमच्या जागेत मुलांसाठी वाळूचा हौद छान होईल. झोकाच हवा असेल तर वरची मापं बसतील अशीच जागा बघा, आणि तिथेही बंद सीटचा, कमी उंचीचा, एकच घ्या, तोही जागा प्रत्यक्ष मोजून, त्या मापांचा कागद दुकानदाराकडून सहीनिशी घेऊन.

प्रश्न : मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. सेटबरोबर विक्रेता ‘सेफ्टी टर्फ’ फुकट देतो आहे. ते अंथरलं की झालं ना? (पुणे)

नाही झालं. आणि आता जरा सविस्तर वाचा, कारण तुमच्यासारखी पत्रं गठ्ठ्यानं येतात.

लोक रंग बघतात, पाइपची जाडी बघतात, कंपनी बघतात. खाली काय आहे ते कुणी बघत नाही. मूल झोक्यावरून पडणार, हे धरूनच चालायचं. कितीही चांगला सेट घ्या, चार-पाच वर्षांचं पोर उडी मारणारच, साखळी सोडणारच. प्रश्न पडण्याचा नाही, कशावर पडतं याचा आहे. शहाबादी फरशी, कोबा, पेव्हर ब्लॉक, डांबर यांवर झोका उभा करायचाच नाही, दांडा कितीही बुटका असला तरी. हात टेकून पडलं की कोपराच्या वरचं हाड मोडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हे फार दिसतं. डोकं टेकून पडलं तर माझ्याकडे येतच नाही, न्यूरोसर्जनकडे जातं.

‘सेफ्टी टर्फ’ म्हणजे प्लॅस्टिकचं गवत, खाली बोटभर फोम. पायाला मऊ लागतं म्हणून ते पडण्यापासून वाचवतं, हा निव्वळ धंद्याचा डाव आहे. विक्रेत्याला एकच विचारा : याची ‘क्रिटिकल फॉल हाइट’ किती, आणि चाचणीचा कागद कुठे आहे? म्हणजे किती उंचीवरून डोकं आपटलं तरी ही चटई धक्का पुरेसा शोषते. युरोपात ईएन 1177 आणि अमेरिकेत एएसटीएम एफ 1292 या मानकांनुसार ही चाचणी होते. कागद असेल तर आकडा बघा. अमेरिकी पद्धतीत झोक्यासाठी ही उंची सीटपासून नाही, वरच्या दांड्यापासून मोजतात. कागद नसेल तर ते गवत गॅलरीत अंथरा, कुंड्यांखाली शोभून दिसेल.

‘आमच्याकडे लॉन आहे’ असंही लिहितात. खरं गवत आणि माती यांना ती अमेरिकी पुस्तिका सुरक्षित पृष्ठभाग धरत नाही, आणि का ते एप्रिल-मेमध्ये नागपूर किंवा सोलापूरच्या अंगणात टाच आपटून बघा. शिवाय सीटच्या बरोबर खाली पाय घासून घासून गवत आठवड्यांतच जातं.

मग चालतं काय? लाकडाचे आणि सालीचे तुकडे : दांडा सात फुटांपर्यंत असेल तर नऊ इंचांचा थर. पाच फुटांपर्यंत असेल तर वाळूचा नऊ इंचांचा थर चालतो. त्याहून उंच दांड्याला नऊ इंच वाळू पुरत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आणि नऊ इंच म्हणजे दबून बसल्यावरचे नऊ. भरताना बारा भरा, कारण असा थर कालांतरानं पाव हिस्सा तरी दबतो. चारही बाजूंनी कड लावा, तळाला पाणी निचरायची सोय करा. हे सगळं पेव्हरवर ओतायचं नाही, आधी पेव्हर काढायचे.

वाळू म्हणजे बांधकामाची क्रश सँड नव्हे. तिच्यातली बारीक भुकटी पाऊस पडला की मुरमासारखी घट्ट बसते. धुतलेली, गोल कणांची वाळू हवी. सुताराकडचा भुसाही चालत नाही. वखारीतले तुकडे आणाल तर त्यात खिळे नाहीत ना, लाकडाला औषध मारलेलं नाही ना, ते बघा. उसाचं पाचट किंवा भाताचं तूस पसरावं असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. त्याची चाचणी कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि पाचटात विंचू निघाला तर माझा उपयोग नाही. लाकडाचे तुकडे घराच्या भिंतीपासून दूर ठेवा, नाहीतर वाळवी घरात येईल.

एवढं करून काम संपत नाही. झोक्याखाली महिन्याभरात बशीसारखा खड्डा पडतो, थर सगळा कडेला जातो आणि नेमकं जिथे पोर पडतं तिथे खालची कडक जमीन उघडी राहते. दर आठवड्याला दाताळं घेऊन तो खड्डा भरायचा, मधोमध पट्टी खुपसून खोली मोजायची. मांजरं वाळूत घाण करतात, म्हणून रात्री ताडपत्री. हे जमणार नसेल तर सरळ चाचणी झालेल्या रबरी टाइल्स घ्या. महाग पडतात, उन्हात तापतात, पण रोजची कटकट नाही. कोणत्या जाडीच्या, हे विक्रेत्यानं नाही, तुमच्या दांड्याची उंची आणि चाचणीचा कागद यांनी ठरवायचं. शंका आली तर खेळाच्या मैदानांची कामं करणाऱ्या एखाद्या वास्तुविशारदाला जागेवर बोलवा. सेटच्या किमतीच्या मानानं त्याची फी जास्त वाटेल. कोपरात तारा घालायचा खर्च त्याहून जास्त आहे.

प्रश्न : खोक्यावर ‘क्षमता 300 किलो’ लिहिलंय. म्हणजे आम्हीपण बसू शकतो? (ठाणे)

तो आकडा कशाचा, ते लिहिलंय का? सांगाड्यावर शांत ठेवलेल्या वजनाचा, की हलत्या झोक्याचा? एका सीटचा, की सगळ्या मिळून? झोका साठ अंशांपर्यंत गेला की सगळ्यात खाली येताना साखळीवर वजनाच्या दुप्पट ओढ पडते. साखळी आडवी होईपर्यंत गेला तर तिप्पट. सत्तर किलोचा मामा साठ अंशांपर्यंत गेला की एकशे चाळीस किलोची ओढ. सांगाडा एकदा पुढे, एकदा मागे ओढला जातो, आणि जमिनीत नीट न रोवलेला पाय उचलला जातो. मुलांच्या सीटवर मामानं बसू नये. पायांची पकड काँक्रीटमध्ये, आणि ते काँक्रीट जमिनीच्या वर डोकावता कामा नये, नाहीतर त्यावरच आपटायला आणखी एक जागा तयार होते.

प्रश्न : ओळखीचा फॅब्रिकेटर निम्म्या किमतीत जीआय पाइपचा झोका करून देतो. करून घ्यावा का? (कोल्हापूर)

पाइप मजबूत असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि घरगुती झोके-घसरगुंड्यांसाठी आयएस 9873 या भारतीय मानकाचा भाग 4 हा वेगळा भाग आहे. बाहेरून आयात केलेल्या सेटलाही हा नियम लागू आहे. चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. नुसतं छापलेलं चिन्ह मला पुरत नाही.

तरी करून घेणारच असाल, तर घेण्याआधी हात फिरवा. बोल्टचे आटे बाहेर डोकावत असतील तर त्यांवर टोपी हवी. साखळीच्या एस आकड्याचं तोंड इतकं मिटलेलं हवं की पोस्टकार्डही आत जाणार नाही. उघड्या आकड्यात फ्रॉक अडकतो, ओढणी अडकते. शिडीच्या पायऱ्यांमधली किंवा कठड्याच्या गजांमधली फट साडेतीन ते नऊ इंच नको. एवढ्यात मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. सीट लाकडी फळीची किंवा पत्र्याची नको, मऊ रबराची घ्या, कारण रिकामी परत येणारी फळी मागून धावणाऱ्या धाकट्याच्या बरोबर कपाळाच्या उंचीवर असते. रंगाचं एक विसरू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, आत ठेवायचा नियम 2017 पासून लागू आहे, पण फॅब्रिकेटर वापरतो तो बहुधा इंडस्ट्रियल इनॅमल, आणि तो त्या नियमात येत नाही. डबा डोळ्यांनी बघा. भंगारातून बागेतला जुना झोका आणून रंगवून देणारे असतात, तो तर मुळीच नको. वेल्डिंग आणि पाया एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, फॅब्रिकेटरच्या मेव्हण्याला नाही.

प्रश्न : गच्चीवर लावला तर? कठडा साडेतीन फुटांचा आहे. (पनवेल)

नाही.

प्रश्न : स्लॅबला हूक ठोकून घरातच झोका टांगता येईल का? (डोंबिवली)

स्लॅबमध्ये कुठे सळई आहे आणि कुठे पीओपीची पोकळी, हे ड्रिलवाल्याला दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही भोक पाडू नका, आणि बाल्कनीच्या छताचं तर नावच काढू नका.

प्रश्न : नागपंचमीला झाडाला झोका बांधायची आमच्याकडे रीत आहे. मुलांसाठी तोच वर्षभर ठेवला तर? (सांगली)

रीत पाळा, पण दोर दुसऱ्या दिवशी काढा. वर्षभर पावसात भिजलेला, उन्हात वाळलेला दोर आतून कुजलेला असतो आणि वरून दिसत नाही. शेवग्याला आणि जांभळाला कधीच नको, त्यांच्या फांद्या वाकायच्या आधीच कडाडतात. चिंचेची किंवा आंब्याची जाड, ओली फांदी असली तरी झाडाची जाण असलेल्या माणसाला दाखवून घ्या.

प्रश्न : जुन्या साडीचा झोका मुलांना फार आवडतो. सेट येईपर्यंत तोच चालू द्यावा का? (जालना)

आज काढून टाका. तान्ह्या बाळाची झोळी मोठ्यांच्या नजरेखाली असते, पण सात-आठ वर्षांची मुलं साडीच्या झोक्यात बसून गरगर फिरतात, पीळ गळ्याशी येतो आणि सुटत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच राहतात, आणि बहुतेक वेळा मोठी माणसं घरातच, शेजारच्या खोलीत असतात. झोक्यावर ओढणी, मफलर, गळ्यातला दोरा, सायकलचं हेल्मेटसुद्धा नको.

प्रश्न : घसरगुंडीवर दीड वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन घसरलं तर सुरक्षित ना? (पुणे)

उलट आहे. तिचा बूट कडेला अडकतो, तुमचं वजन तिच्यासकट खाली जातं आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. एकटीनं घसरायला लहान असेल तर अजून लहान आहे.

प्रश्न : पत्र्याची घसरगुंडी चालेल का? (चंद्रपूर)

चंद्रपुरात? मे महिन्यात? नको.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा चार दिवसांपूर्वी झोक्यावरून पडला. कोपर सुजलं आहे. हाडवैद्यांनी तेल लावून, चोळून, पट्टी घट्ट बांधली. सूज उतरली नाही तर एक्स-रे काढावा का?

या पालकांना मी फोनवर कळवलं आहे. इथे इतरांसाठी लिहिते. सूज उतरायची वाट बघायची नाही. मुलाचं कोपर मोडलं की मोडलेलं टोक शेजारच्या रक्तवाहिनीला आणि नसांना टोचू शकतं, आणि चोळण्यानं ते आणखी आत जातं. वरून घट्ट पट्टी बांधली की हाताचं रक्त अडतं. बोटं गार पडली, पांढरी किंवा निळी दिसू लागली, बधिर झाली, सरळ करताना मूल किंचाळलं, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत गेलं, तर हाताशी फक्त काही तास असतात. त्यापुढे स्नायू मरतात आणि हात आयुष्यभर वाकडा राहतो. ‘आधी आमच्या गावच्या वैद्यांना दाखवू, नाही बरं वाटलं तर बघू’ हे वाक्य मला पाठ झालं आहे.

पडल्यावर कोपर सरळ करायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत जाड पुठ्ठ्याचा किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार द्या, बांधणी सैल ठेवा, अंगठी आणि कडं काढा. मूल उलट्या करत असेल, गुंगीत असेल तर हाताच्या आधी डोक्याचा विचार करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. आणि वाटेत रडतंय म्हणून बिस्किट किंवा दूध देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं, आणि त्या एका बिस्किटापायी ऑपरेशन सहा तास पुढे जातं.