‘कार्निव्हल’ म्हणजे ‘मांसाला निरोप’ काय? आणि गोव्याचे ‘इंत्रूज’

प्रश्न तिहेरी आहे. ख्रिस्ती उपवासकाळ लागण्याआधीच्या मौजेच्या दिवसांना ‘कार्निव्हल’ म्हणतात; हा शब्द लॅटिन ‘कार्ने वाले’, म्हणजे ‘मांसा, तुला निरोप’, यावरून आला असे दरवर्षी छापून येते, ते खरे काय. गोव्यात ज्याला ‘इंत्रूज’ म्हणतात तो हाच सण की निराळा. आणि मराठीत त्याला ‘ख्रिस्ती शिमगा’ म्हटले तर चालेल काय.

निरोपाची व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ती व्याकरणापुढे टिकत नाही. लॅटिनमध्ये मांसाला उद्देशून हाक मारायची झाली तर संबोधनाचे रूप ‘कारो’ होते, ‘कार्ने’ नव्हे. शिवाय मध्ययुगीन लॅटिन कागदपत्रांत ‘कार्नेलेव्हारे’, ‘कार्नेलेव्हारियुम’ अशी जुनी रूपे आढळतात. ‘लेव्हारे’ म्हणजे उचलणे, दूर करणे; तेव्हा पूर्ण शब्दाचा अर्थ मांस वर्ज्य करणे असा साधा, व्यवहारी आहे. बोलताबोलता शेवटच्या ‘रे’चा ‘ले’ झाला, दोन ‘ले’ जड वाटून मधला गळाला आणि इटालियन ‘कार्नेव्हाले’ तयार झाला. या तयार शब्दात निरोपाचा ‘वाले’ नंतरच्या विद्वानांनी ऐकला. एकोणिसाव्या शतकात रोमन मिरवणुकीतील ‘कार्रुस नावालिस’, म्हणजे चाकांवरच्या नौकेशी, याचे नाते जोडण्याचाही प्रयत्न झाला. जुनी रूपे समोर असताना त्याची गरज उरत नाही. मुख्य मुद्दा असा की, नाव मौजेवरून पडलेले नसून दुसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या वर्ज्यावरून पडले आहे.

ते वर्ज्य किती कडक होते हे लक्षात घेतल्याशिवाय आदल्या दिवसांची धामधूम कळत नाही. राखेच्या बुधवारापासून, म्हणजे कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवसापासून, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हटला जातो, कारण रविवार त्यात धरत नाहीत. ते धरले तर 46 दिवस होतात. मध्ययुगीन युरोपात या काळात मांस तर नाहीच, पण बहुतेक ठिकाणी अंडी, दूध आणि लोणीही चालत नसे. लोण्यावाचून ज्यांचे अडे त्यांना पैसे भरून सवलत मिळे, आणि फ्रान्समधील रुआँच्या कॅथीड्रलचा एक मनोरा अशाच पैशांतून उभा राहिला म्हणून आजही ‘लोण्याचा मनोरा’ या नावाने ओळखला जातो. घरातील टिकाऊ नसलेला सगळा स्निग्ध ऐवज मंगळवारपर्यंत संपवणे ही म्हणूनच चैन जितकी होती, तितकीच काटकसरही होती. फ्रेंच ‘मार्दी ग्रा’, म्हणजे चरबीचा मंगळवार, हे नाव त्यातून आले. इंग्लंडमध्ये त्याच दिवशी अंडी-दूध संपवण्यासाठी पॅनकेक करतात, मात्र तेथील ‘श्रोव्ह ट्यूजडे’ हे नाव खाण्यावरून नसून त्या दिवशी द्यायच्या पापकबुलीवरून आहे. ग्रीकांचा ‘आपोक्रिएस’ पुन्हा मांसत्यागाचाच. रशियन ‘मास्लेनित्सा’ हे लोण्याचे नाव, कारण पूर्वेकडील परंपरेत मांस एक आठवडा आधीच बंद होते आणि त्या शेवटच्या आठवड्यात दूध-लोणी तेवढे चालते. ब्लिनी नावाचे पातळ धिरडे तेव्हाच घरोघर का होते, याचे उत्तर त्यात आहे.

आता इंत्रूज. पोर्तुगीजांचा या सणासाठीचा जुना शब्द ‘एंत्रूदु’ असा आहे आणि तो लॅटिन ‘इंत्रोइतुस’, म्हणजे प्रवेश, यापासून आला आहे. प्रवेश अर्थातच उपवासकाळातला. कोकणीतील इंत्रूज याच कुळातील, आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या उपवासकाळाचे ‘कोरेज्म’ हे नावही पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’चे, म्हणजे मुळात ‘चाळिसावा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे रूप आहे. जुना एंत्रूदु हा एकमेकांवर पाणी आणि पीठ उडवण्याचा धांगडधिंगा होता. ब्राझीलमध्ये सुगंधी पाणी भरलेली मेणाची लिंबे करून लोक ती गच्चीवरून खालच्यांवर फेकत. एकोणिसाव्या शतकात तेथे त्यावर वारंवार बंदी आली आणि मुखवटे, नाचाचे जलसे व सजवलेली वाहने असलेला ‘कार्नावाल’ त्याच्या जागी प्रतिष्ठित झाला.

म्हणजे सण एकच, पण शब्द दोन आणि त्यांची तबियत निराळी. गोव्यातही हा भेद जाणवतो. पणजीत चित्ररथांची मिरवणूक निघते, शनिवारी सोंगातला राजा मोमो ‘खा, प्या, मजा करा’ अशा आशयाचे फर्मान काढतो, तो कार्निव्हल 1965 साली रिओच्या धर्तीवर सुरू झालेला आहे. मोमो म्हणजे ग्रीकांचा निंदेचा आणि थट्टेचा देव मोमुस. इंत्रूज मात्र गावातले. गोव्याच्या सासष्टी तालुक्यात या दिवसांत घरांच्या अंगणात ‘खेळ’ होत, आणि तेथील चांदर गावी आजही मुसळे हातात घेऊन ‘मुसळ खेळ’ नाचतात, जो पोर्तुगालातून आलेला नाही हे त्या मुसळांवरूनच दिसावे. (फोंड्याच्या अंत्रूज महालाशी, म्हणजे त्या नावाच्या जुन्या मुलखाशी, इंत्रूजची गल्लत करू नये, तेथे साम्य केवळ उच्चाराचे आहे.)

‘ख्रिस्ती शिमगा’ म्हणण्याचा मोह रंग, सोंगे आणि मोकळ्या जिभेमुळे होतो. तरीही ते मला पटत नाही. शिमगा पौर्णिमेचा. ईस्टर हा 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार असल्याने त्याच्या 47 दिवस आधीचा मंगळवार बहुधा पौष किंवा माघ अमावास्येच्या आसपास, 3 फेब्रुवारी ते 9 मार्च यांच्या दरम्यान पडतो. त्यामुळे दोन्ही सण एका दिवशी येत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिमग्यानंतर कोणतेही वर्ज्य सुरू होत नाही. तुलना करायचीच तर ती आषाढ अमावास्येच्या गटारीशी करावी, कारण श्रावण लागण्यापूर्वी मटणावर ताव मारून घेण्यामागचे कारण तंतोतंत तेच आहे. फरक इतकाच की, गटारीला धर्माचार्यांनी कधी पंचांगात नीट जागा दिली नाही आणि मुखवटेही दिले नाहीत.

तेव्हा वापराबाबत माझे मत असे: पणजीच्या मिरवणुकीसाठी, रिओ किंवा व्हेनिससाठी ‘कार्निव्हल’ लिहावे, गोव्याच्या गावातील घरगुती सणासाठी ‘इंत्रूज’ हाच शब्द ठेवावा. शहरांतून हल्ली ‘शॉपिंग कार्निव्हल’ आणि ‘शुद्ध शाकाहारी फूड कार्निव्हल’ही भरतात. त्यातील दुसऱ्या नावाला खरे तर हरकत घेता येणार नाही, कारण मांस वर्ज्य करणे हा मूळ अर्थ तेथे अजाणता का होईना, पण अक्षरशः पाळला जातो.