शिकारीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल सैन्याच्या आधी कशी आली?

तुमचा प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धात सैनिक हाताने बोल्ट (नळी मागून बंद करणारा लोखंडी दांडा) ओढत होते, तर त्याआधीच अमेरिकेतल्या शिकाऱ्यांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली कशा होत्या, आणि त्यांना कमी ताकदीच्या का म्हणत?

होत्या हे खरं आहे. विंचेस्टरचं मॉडेल १९०५ आणि रेमिंग्टनची १९०६ ची ऑटोलोडिंग रायफल दुकानात जाऊन विकत घेता येत होती. अमेरिकन सैन्याने गॅरँड ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल स्वीकारली ती थेट १९३६ मध्ये. मेक्सिकोने मोंड्रागॉन रायफल १९०८ साली घेतली, पण थोड्याच संख्येने. शिकाऱ्याची गरज मर्यादित होती, हे यामागचं कारण. दिवसभरात दोन-चार गोळ्या, हरिण शंभर-दीडशे यार्डांवर, बंदूक रात्री पुसून ठेवलेली. सैन्याला पूर्ण ताकदीचं काडतूस हवं होतं, आणि चिखलात शेकडो गोळ्या झाडल्यावरही न अडकणारं यंत्र हवं होतं.

ताकदीचा प्रश्न समजायला आधी मूळ अडचण पाहू. आपोआप उघडणारी रायफल बनवणं अवघड नव्हतं. ती योग्य वेळेपर्यंत बंद ठेवणं अवघड होतं. गोळी नळीत जेमतेम एक-दीड मिलिसेकंद असते. अमेरिकन सैन्याच्या .३०-०६ सारख्या पूर्ण ताकदीच्या काडतुसात तेवढ्या वेळात दाब चौरस इंचाला सुमारे ५०,००० पौंडांपर्यंत चढतो. या दाबात पितळी पुंगळी (काडतुसाचं कवच) फुगून चेंबरच्या (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागाच्या) भिंतीला घट्ट चिकटते. बोल्ट लवकर मागे सरकला तर पुंगळीची कड तुटते किंवा पुंगळीच फाटते, आणि जळता वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. काळ्या दारूच्या काळात तर काजळीनेच यंत्र जाम व्हायचं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने बिनधुराची दारू तयार केली, आणि तिथून पुढे हे सगळं शक्य झालं.

विंचेस्टरच्या टी. सी. जॉन्सनने सगळ्यात सरळ वाट धरली: बोल्टला कुलूपच नाही, फक्त वजन. जड बोल्टला हलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते. याला ब्लोबॅक म्हणतात. १९०३ सालची त्याची .२२ रायफल याच तत्त्वावर होती. तिच्यासाठी मुद्दाम वेगळ्या जाडीचं काडतूस काढलं होतं, म्हणजे काळ्या दारूचं नेहमीचं .२२ कोणी त्यात घालू नये. पुढे १९०५, १९०७ (.३५१ काडतूस) आणि १९१० (.४०१) ही मॉडेल्स आली. त्यांत पुढच्या लाकडाखाली लोखंडाचं मोठं वजन बोल्टला जोडलेलं असतं, म्हणून या रायफली दिसायला आटोपशीर आणि हातात घेतल्यावर जड लागतात. .३५१ मध्ये १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) गोळी सेकंदाला साधारण १,८५० फुटांनी जाते. जंगलातल्या हरणाला ते पुरे, लांब पल्ल्याला नाही. तुम्ही ऐकलेली ‘कमी ताकद’ ती हीच. ही वाट इथे संपते, कारण .३०-०६ याच पद्धतीने चालवायची तर दहा-बारा किलोंचा बोल्ट लागेल.

अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं उत्तर मला त्या काळातलं सर्वांत हुशार वाटतं. त्याचं पेटंट १९०० चं. रेमिंग्टनने ती रायफल १९०६ मध्ये विकायला काढली आणि १९११ पासून ती मॉडेल ८ म्हणून ओळखली जाते. बोल्ट फिरून दोन दातांनी नळीला कुलूपबंद होतो. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेलेच, काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर मागे जातात. मागे पोचल्यावर बोल्ट धरला जातो आणि नळी एकटी पुढे येते. रिकामी पुंगळी बोल्टपाशीच राहते आणि बाहेर फेकली जाते. नळी जागेवर बसली की बोल्ट सुटतो आणि नवं काडतूस घेऊन पुढे जातो. कुलूप उघडेपर्यंत गोळी केव्हाच गेलेली आणि दाब उतरलेला असतो. म्हणून .३५ रेमिंग्टनमध्ये २०० ग्रेनची गोळी सुमारे २,००० फूट वेगाने देता आली.

याची किंमतही होती. नळी मागेपुढे सरकणार म्हणून तिच्यावर पूर्ण लांबीचं बाहेरचं नळकांडं आलं. रायफल साडेतीन किलोंच्या वर गेली, आणि खांद्याला दोन टप्प्यांत धक्का बसू लागला. तरी मॉडेल ८ आणि १९३६ चं सुधारित मॉडेल ८१ मिळून हे यंत्र १९५० पर्यंत बनत राहिलं.

नळीला भोक पाडून थोडा वायू घ्यायचा आणि त्याने बोल्ट ढकलायचा, ही तिसरी वाट. स्टँडर्ड आर्म्सने १९१० च्या सुमारास ती शिकारीच्या रायफलीत आणली. भाग नाजूक होते, आणि कंपनी काही वर्षांतच बसली. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतले (दारू पेटवणाऱ्या तळाच्या भागातले) क्षार ओलावा ओढून लोखंड गंजवत, आणि वायूची नळी तर रोज कोण उघडून पुसणार? गंज न आणणाऱ्या टोप्या १९२० च्या दशकाच्या शेवटी रुळल्या. त्यानंतरच ही पद्धत शिकाऱ्याच्या कामाची झाली.

१९५५ चं वायूवर चालणारं रेमिंग्टन ७४० म्हणजे .३०-०६ पहिल्यांदा सामान्य शिकाऱ्याच्या सेमी-ऑटोत. १९५७ मध्ये आलेल्या .२८० रेमिंग्टनचा दाब ७४० मध्ये नीट चालावं म्हणूनच बेताचा ठेवला होता. १९६० चं ७४२ खूप खपलं, पण त्याचा एक दोष विकत घेणाऱ्याने पाहायलाच हवा. बोल्टच्या पुढच्या भागावरचे बारीक दात मागेपुढे जाताना रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या भागाच्या) आतल्या पट्ट्यांवर आपटतात आणि खाचा पाडतात. खाचा खोल गेल्या की बोल्ट अडकू लागतो, आणि रिसीव्हर बदलता येत नाही. पुढच्या ७४०० मध्ये कमी पण मोठे दात दिले, ते यासाठीच. विंचेस्टर मॉडेल १०० मध्ये फायरिंग पिन (टोपीवर आपटून बार उडवणारी पिन) तुटून बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच बार उडण्याचा धोका निघाला. त्या पिना बदलण्यासाठी १९९० मध्ये रायफली परत बोलावल्या गेल्या. पिन बदललेली नसेल तर ती रायफल झाडू नये.

वायूवरच्या कुठल्याही रायफलीत बहुतेक तक्रारी चेंबरपासून सुरू होतात. ओलसर ठेवलेल्या बंदुकीत चेंबरला गंजाचे खड्डे पडतात, पुंगळी त्यांत रुतते, आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) तिची कड उपटतो. तेल ठेवताना लावायचं आणि झाडण्याआधी कोरडं पुसायचं. हाताने भरलेल्या पुंगळ्या पूर्ण लांबीच्या डायमधून (पुंगळी मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून) काढलेल्या असाव्यात, कारण हाताच्या बोल्टसारखा जोर लावून बसवण्याची ताकद इथे फक्त स्प्रिंगकडे असते. फार सावकाश जळणारी दारू भोकापाशी जास्त दाब ठेवते आणि बोल्ट मागे आदळतो. रुगरच्या .४४ कार्बाइनमध्ये उघड्या शिशाची गोळी वापरली तर वायूचा मार्ग शिशाने तुंबतो.

१९६७ मध्ये ब्राउनिंग बीएआर आली. ब्रूस ब्राउनिंगने आखलेल्या या रायफलीचा १९१८ च्या लष्करी बीएआरशी नावापलीकडे संबंध नाही. सात दातांचा फिरता बोल्ट असल्याने .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी काडतुसंही तिने पेलली आणि ‘कमी ताकदी’चा आक्षेप संपला. युरोपात हाकाऱ्याच्या रानडुक्कर शिकारीत ती चांगलीच रुळली. मात्र युरोपातल्या वन्यजीव रक्षणाच्या १९७९ च्या बर्न करारात दोनपेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनची सेमी-ऑटो निषिद्ध साधनांत धरली आहे.

जुना फोटो ओळखायचा असेल तर नळीखाली, पुढच्या लाकडाच्या टोकाला दाबायचा दांडा दिसला की ती जॉन्सनची विंचेस्टर. नळी नेहमीपेक्षा जाड, जवळजवळ तोंडापर्यंत एकसारखी दिसली की ब्राउनिंगचं मॉडेल ८ किंवा ८१.